बडोद्यात राहून बेडकांच्या जाती आणि त्यांचं वर्गीकरण कसं शिकायचं

बेडकांचा अभ्यास करायचाय म्हटलं की लोक लगेच आंबोली नाहीतर केरळची तिकिटं बघायला लागतात. तिकडे जा जरूर, पण सुरुवात आपल्या बडोद्यातच करा असं माझं ठाम मत आहे. कर्कवृत्त अहमदाबादच्याही उत्तरेकडून जातं, म्हणजे आपण भूगोलाच्या हिशोबाने ट्रॉपिक्समध्येच राहतो, आणि इथे जाती मोजक्या आहेत हा नवशिक्यासाठी मोठा फायदा आहे. जगात बेडकांच्या ७,५०० पेक्षा जास्त जाती नोंदल्यात, भारतात सगळे उभयचर मिळून ४०० च्या वर जातात, आणि त्या ढिगाऱ्यात एकदम उडी मारली तर माणूस महिनाभरात कंटाळून सोडून देतो. त्यापेक्षा सोसायटीच्या मागच्या डबक्यातले पाच बेडूक नीट ओळखता आले तर पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

एक नियम आधीच सांगतो, बाकी सगळं त्याच्याच भोवती आहे. बेडूक दिसल्या दिसल्या त्याला लॅटिन नाव चिकटवायचं नाही. आधी वर्णन, मग फॅमिली म्हणजे मोठं कूळ, मग जीनस म्हणजे त्यातल्या जवळच्या जातींचा गट, जात सगळ्यात शेवटी, आणि जात नाही समजली तर जीनसवर थांबायचं. वहीत ‘मिनर्वारियाची कुठलीतरी जात’ (मिनर्वारिया ही शेताकडेच्या छोट्या तपकिरी बेडकांची जीनस) असं लिहिलेली नोंद दहा वर्षांनीही खरी राहते, आणि घाईत लिहिलेलं पूर्ण नाव पुढे चार जण कॉपी करतात आणि मग ते निस्तरायला कोणी येत नाही.

कधी जायचं? मृग बऱ्याचदा कोरडाच जातो, आपल्याकडे खरा पाऊस जूनच्या शेवटी लागतो, तर आर्द्राचा पहिला दणका पडला की त्याच रात्री बाहेर पडायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. कारण बुलफ्रॉग, म्हणजे हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस, हा पहिल्या मोठ्या पावसानंतर थोड्याच रात्रींमध्ये सगळं उरकतो. नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूच्या पिशव्या गडद निळ्या, आणि नंतर तोच प्राणी पुन्हा शेवाळी-तपकिरी होऊन गवतात बसतो तेव्हा नवीन माणसाला तो वेगळाच बेडूक वाटतो. गणपतीपर्यंत बहुतेक जातींचं ओरडणं संपत येतं. त्यानंतर पाण्यावर दिसतो तो मुख्यतः युफ्लिक्टिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा बेडूक, तो जवळजवळ वर्षभर भेटतो, त्यामुळे दिवाळीत सुरुवात करणाऱ्यांनीही निराश व्हायचं कारण नाही.

कुठे जायचं? गोत्री, हरणी, मांजलपूरकडे जिथे जिथे रिकाम्या प्लॉटमध्ये पाणी साचतं तिथे, वाघोडिया रोडला टिंबी तलावाच्या आसपासची शेतं, नंतर हात बसला की पावागडचा पायथा आणि जांबुघोडा. मात्र विश्वामित्रीच्या काठावर रात्री बेडूक शोधायला अजिबात जायचं नाही. शहराच्या मधोमध नदीत मगरी आहेत हे आपल्याला लहानपणापासून माहितीये आणि म्हणूनच आपण ते फार सहज घेतो, पण ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत आल्या होत्या हे विसरू नका, पूर ओसरल्यावर कडेच्या डबक्यांमध्येही आठवडाभर तरी उतरू नका. आजव्याच्या तलावावरही पाण्याच्या कडेला हाच नियम. जिथे बेडूक तिथे साप येणारच, त्यामुळे गमबूट पाहिजेतच आणि दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री फिरता येत नाही, आणि कुठल्याही जागेवरून बेडूक उचलून घरी आणायचा नाही. नमुना गोळा करायची गरज पडलीच तर ते काम कॉलेजमधल्या गाईडच्या नावावर परमिट काढून होतं.

सामान फार लागत नाही. हेडटॉर्च, लांबी मोजायला प्लॅस्टिकचं व्हर्निअर, साधा थर्मामीटर, पारदर्शक झिप पाऊच, पेन्सिल आणि वही. पेन्सिल अशासाठी की पावसात पेनची शाई पसरते. हाताला मच्छरचं क्रीम, सॅनिटायझर काहीही लावलेलं नको, बेडकाची कातडी पातळ असते आणि तो तिच्यातूनच पाणी आणि काही प्रमाणात हवा घेतो, म्हणजे तुमच्या हातावरचं केमिकल थेट त्याच्या अंगात जातं. हात आधी त्याच डबक्याच्या पाण्यात ओले करायचे, एका मिनिटात काम उरकायचं आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना बूट घासून धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे, जमलं तर ब्लीचच्या पाण्यात बुडवायचे. कायट्रिड नावाची बुरशी आहे, १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, मध्य अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तिने बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात, आणि ती ओल्या चिखलाबरोबर इकडून तिकडे जाऊ शकते. हे कंटाळवाणं काम आहे पण यात सूट नाही.

फोटो काढताना लोक बेडकाचा सुंदर पोर्ट्रेट काढतात आणि ओळखायला त्याचा काही उपयोग होत नाही. आपल्याला लागतात ते असे: वरून पूर्ण पाठ, बाजूने डोकं म्हणजे कानाचा पडदा स्पष्ट दिसेल असं, पारदर्शक पाऊचमध्ये ठेवून खालून पोट, हाताची बोटं, मागच्या पायाची बोटं पसरलेली, आणि मांडीची मागची बाजू. शेजारी मोजपट्टी. लांबी घ्यायची ती नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत, पाय धरायचे नाहीत. आणि फोटो कोणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की क्वालिटीही जाते आणि आतली लोकेशनही जाते.

आता ओळखायचं कसं ते. सगळ्यात सोपी फॅमिली बुफोनिडी, म्हणजे टोड. खरखरीत कोरडी कातडी, डोळ्यांच्या मागे दोन फुगीर पॅरोटॉइड ग्रंथी, उड्या छोट्या. पण इथेच थांबू नका, कारण आपल्याकडे दोन टोड भेटतात आणि बहुतेक लोक दोन्हींना एकच समजतात. पोर्चच्या दिव्याखाली किडे खायला येतो ना, त्याच्यावर टॉर्च तिरकी धरा, सरळ वरून नको. डोळ्याच्या वर, नाकाकडे आणि कानाकडे जाणाऱ्या उंच हाडाच्या कडा दिसल्या आणि त्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या असल्या तर तो डुट्टाफ्रिनस मेलानोस्टिक्टस. अंगावरच्या फोडांची टोकंही काळी असतात. डोकं सपाट, कडा नाहीतच, एकूण रंग फिकट मातकट, तर तो डुट्टाफ्रिनस स्टोमॅटिकस. तिरक्या उजेडात ही कड सावली पाडते म्हणून दिसते, फ्लॅशच्या फोटोत ती पार गायब होते, म्हणून टोडचा एक फोटो तरी फ्लॅश बंद करून काढा. डुट्टाफ्रिनस हे जीनसचं नाव भारतीय बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्त यांच्या सन्मानार्थ २००६ मध्ये दिलं गेलं, त्याआधी हेच प्राणी बुफो म्हणून लिहिले जायचे, आणि स्टोमॅटिकसला आता काही ठिकाणी फिरोझोफ्रिनस लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, प्राणी तोच आहे.

बाथरूममध्ये, पाण्याच्या टाकीवर, कुंडीच्या मागे भिंतीला चिकटलेला लांब पायांचा बेडूक हा पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस, फॅमिली रॅकोफोरिडी. बोटांच्या टोकाला गोल चकत्या आणि मांडीच्या मागे पिवळे ठिपके, बास, दुसरं काही बघायची गरज नाही. ह्याची मादी पाण्याच्या वर फेसाचं घरटं करते, टाकीच्या कडेला पांढरा फेस दिसला तर घासून टाकू नका, टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, आपोआप खाली पाण्यात पडतात.

तोंड एकदम लहान, अंग त्रिकोणी, दोन-अडीच सेंटिमीटरचा जीव आणि आवाज मात्र सगळ्या प्लॉटभर, तो मायक्रोहायला, फॅमिली मायक्रोहायलिडी. पाठीवर गडद नक्षी असते. ह्याच फॅमिलीत युपेरोडॉन येतो, गोल गरगरीत, बहुतेक वेळ जमिनीखाली, पावसातच वर येणारा. मायक्रोहायलाचे टॅडपोल काचेसारखे पारदर्शक असतात आणि त्यांच्या तोंडाला बाकी टॅडपोलसारखी कडक चोच आणि दातांच्या रांगा नसतात, म्हणजे मोठा बेडूक दिसला नाही तरी टॅडपोलवरून फॅमिली सांगता येते. टॅडपोल आणि अंडी शिकून घ्या, ह्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. टोडची अंडी लांब जेलीच्या दोऱ्यात, पॉलिपेडेट्सची फेसात, मायक्रोहायलाची पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ थरात. आणि बुलफ्रॉगचे टॅडपोल मांसाहारी असतात, दुसऱ्या टॅडपोलना खातात.

उरली फॅमिली डिक्रोग्लॉसिडी, आणि आपल्याकडचं खरं डोकं लावायचं काम इथे आहे. पाण्यावर तरंगतोय, डोळे वरच्या बाजूला, जवळ गेलं की पाण्यावरून टप्पे खात पळतो, पायाच्या बोटांमधला पडदा टोकापर्यंत, तो युफ्लिक्टिस. मोठा, पाठीवर लांब तुटक घड्या, तो बुलफ्रॉग. बुटका, गुबगुबीत, आणि मागच्या पायाच्या तळव्याला आतल्या बाजूला फावड्यासारखा कडक उंचवटा, तो स्फेरोथीका, हा त्या फावड्याने मागे मागे सरकत जमिनीत शिरतो, पाऊचमध्ये ओली माती टाकून दोन मिनिटं बघा, अप्रतिम दिसतं. आपल्याकडे जुन्या याद्यांमध्ये सगळ्या स्फेरोथीकांना सर्रास ब्रेव्हिसेप्स लिहायचे, मग २०१७ मध्ये पुण्याकडच्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या बेडकांचं पश्चिमा हे वेगळं नाव दिलं, त्यामुळे आपल्या इथला नक्की कुठला हे जुन्या यादीवरून ठरवायचं नाही, मोजमाप आणि डीएनए लागतो.

आणि मिनर्वारिया. भाताच्या, गवताच्या कडेने असंख्य दिसणारे छोटे तपकिरी बेडूक, कधी पाठीवर मधोमध फिकट पट्टा असतो कधी नसतो, आणि तो पट्टा ओळखीसाठी काहीच कामाचा नाही कारण एकाच जातीत दोन्ही प्रकार असतात. आधी उलटा करून पोट बघा, पोटाच्या दोन्ही बाजूंनी एक-एक बारीक रेघ काखेपासून जांघेपर्यंत जाते, ती दिसली की हा गट पक्का. बुलफ्रॉगची पिल्लं वरून अगदी अशीच दिसतात पण त्यांना ही रेघ नसते आणि पायाचा पडदा जास्त भरलेला असतो. एवढं झालं की जीनस आली, जात मात्र नुसत्या फोटोवरून ठरवायला जाऊ नका.

ह्या गटाचा इतिहास मुद्दाम वाचा, वर्गीकरण म्हणजे काय ते ह्याच्याइतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही. वर्षानुवर्षं भारतभरच्या अशा छोट्या बेडकांना राना लिम्नोकॅरिस म्हणायचे. पण लिम्नोकॅरिस हे नाव १८२९ मध्ये ज्या बेडकाला दिलं तो जावाचा होता! नाव हे एका ठरावीक नमुन्याला आणि तो जिथे सापडला त्या जागेला बांधलेलं असतं, त्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात, आणि जागेला टाइप लोकॅलिटी. मग आवाज आणि डीएनए बघायला लागल्यावर कळलं की जावाचा बेडूक वेगळा, आपले वेगळे, आणि आपल्यातही अनेक जाती आहेत ज्या डोळ्याला सारख्या दिसतात. जीनसही बदलत गेली, राना, लिम्नोनेक्टिस, फेजर्वार्या, आणि २०१८ पासून दक्षिण आशियातल्या बहुतेकांना मिनर्वारिया. त्यामुळे जुना पेपर वाचताना नाव दिसलं की आधी ते आज कुठल्या नावाखाली आहे ते बघायचं. त्यासाठी अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा ‘ॲम्फिबिअन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’ हा ऑनलाइन डेटाबेस फुकट आहे, प्रत्येक जातीची सगळी जुनी नावं, वर्ष, टाइप लोकॅलिटी एका पानावर मिळते. सवय लावून घ्या.

मग डोळ्याला सारखे दिसणारे वेगळे कसे करायचे, तर पहिला उपाय आवाज. नर ओरडतो तो आपल्याच जातीच्या मादीसाठी, म्हणून आवाज जातीनुसार पक्का वेगळा असतो. फोनमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट देणारं रेकॉर्डिंग ॲप घ्या, एमपीथ्री नको, बेडकापासून साधारण एक मीटरवर फोन धरा, आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा, हवेचं आणि पाण्याचं तापमान बोला. तापमान विसरलात तर रेकॉर्डिंगची अर्धी किंमत गेली, कारण गरमीत तोच बेडूक भराभर ओरडतो आणि थंडाव्यात सावकाश, मग दोन वेगळ्या रात्रींचे आवाज दोन जातींचे वाटतात. घरी येऊन ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचा आलेख बघा, एका कॉलमध्ये ठोके किती, एका सेकंदात किती, सगळ्यात जास्त जोर कुठल्या फ्रिक्वेन्सीला. आणि ज्याला रेकॉर्ड केलं त्याचाच फोटो पाहिजे, शेजारच्याचा नाही, हे अवघड आहे कारण अंधारात पाच जण एकदम ओरडत असतात, तर टॉर्च लाल कागद लावून मंद करा आणि ज्याची पिशवी फुगतेय तोच बेडूक डोळ्यांनी पक्का करा.

दुसरा उपाय डीएनए, आणि तो घरी होत नाही. बेडकांसाठी साधारणपणे मायटोकॉन्ड्रियातला सोळा-एस नावाचा भाग वाचतात आणि जेनबँक ह्या डीएनएच्या सार्वजनिक साठ्यातल्या सिक्वेन्सशी ताडून बघतात. तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर वेगळी जात असू शकते असा एक ढोबळ आकडा वापरतात, पण तो कायदा नाही, कुठे कमी फरकातही जाती वेगळ्या असतात, आणि जेनबँकमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्सही असतात. एमएस युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांनी ह्या वाटेने नक्की जावं, बाकीच्यांना रूप, आवाज आणि जागा ह्या तिघांवर भरपूर काम करता येतं.

एकदा आपले बेडूक ओळखता आले की मग सह्याद्रीत जा, तेव्हा फरक खऱ्या अर्थाने कळेल. आपले मैदानी बेडूक लांबवर पसरलेले, तिकडे एकेका डोंगराचा बेडूक वेगळा. आंबोलीचा झँथोफ्रिन टायगेरिना हा टोड बघा, किती छोट्या टापूत राहतो. राओर्चेस्टिस नावाची छोटी झुडपी बेडकं आहेत, त्यांच्या अंड्यातून टॅडपोल न होता थेट छोटा बेडूकच बाहेर येतो, त्यांना तळं लागत नाही, दमट जंगल लागतं, म्हणून मधल्या कोरड्या दरीतून ती पलीकडे जाऊ शकत नाहीत आणि लाखो वर्षांत वेगळ्या जाती होतात. जांभळा बेडूक नासिकाबॅट्राकस तर २००३ मध्ये वर्णन झाला आणि त्याचे जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्स बेटांवर! राओर्चेस्टिस नावातले राव म्हणजे बंगळुरूचे सी. आर. नारायण राव, त्यांनी १९३७ मध्ये पश्चिम घाटातल्या कितीतरी जातींचं वर्णन केलं, पण त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले, आणि त्यातल्या काही नावांचा नक्की प्राणी कुठला ह्यावर नंतरच्या लोकांना प्रचंड डोकेफोड करावी लागली. नमुना, लेबल आणि नोंद जपणं हे कारकुनी काम नाहीये, सगळं विज्ञान त्यावर टिकतं.

विविधता मोजायची असेल तर नुसती यादी पुरत नाही, मेहनत सारखी पाहिजे. दोन जागांची तुलना करायची तर दोन्हीकडे तितकेच लोक, तितकाच वेळ, शक्यतो सारख्या पावसाच्या रात्री. दर फेरीत नवीन किती जाती आल्या ते आलेखावर टाका, रेघ चढतीच असेल तर काम बाकी आहे. किती सुटल्या असतील ह्याचा अंदाज चाओ-१ नावाच्या सूत्राने काढतात: समजा ९ जाती मिळाल्या, त्यातल्या २ जातींचा एकेकच बेडूक दिसला आणि १ जातीचे दोनच, तर २ चा वर्ग ४, त्याला दोनदा १ म्हणजे २ ने भागायचं, आले २, म्हणजे निदान ११ जाती तरी तिथे असाव्यात. आणि जमिनीत राहणारा बेडूक दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं लिहायचं नाही, ‘दिसला नाही’ एवढंच लिहायचं.

आणि कधी असा बेडूक मिळाला की जो कशातच बसत नाही, तर नवीन जात सापडली म्हणून लगेच टाकू नका. आधी बघा तो पिल्लू तर नाही, प्रजननाच्या रंगातला नर तर नाही. मग त्या जीनसमधल्या आजूबाजूच्या सगळ्या जातींची मूळ वर्णनं काढून एकेक लक्षण ताडा. तरी नाहीच बसला तर पुन्हा त्याच जागी जाऊन आवाज मिळवा, आणि फोटो, रेकॉर्डिंग, तापमान, जीपीएस, तारीख सगळं एका फोल्डरमध्ये घालून युनिव्हर्सिटीच्या प्राणिशास्त्र विभागात किंवा झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या केंद्रात घेऊन जा. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकणार असाल तर दुर्मीळ वाटणाऱ्या प्राण्याची नेमकी जागा लपवायचा पर्याय आधी चालू करा, मग अपलोड करा.